विजेची गाडी : पासिंग कुठले, मीटर कोणाचे?

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात खानापूर भागातील एका काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, "जरा बघून सांगा बघू, ह्यात फसवणूक नाही ना?" कागद म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका लहान मोटारीचे कोटेशन होते. काकांची भाताची शेती, थोडी काजूची झाडे. काकूंचे मूत्रपिंड अधू झाल्यामुळे त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला न्यावे लागते. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. भाड्याच्या जीपला पैसे मोजता मोजता काजूचे उत्पन्न संपत आले, म्हणून थोरल्या मुलाने सुचवले की, आता आपलीच गाडी घेऊ आणि ती विजेची घेऊ.

कोटेशनमध्ये फसवणूक अशी नव्हती. पण मागच्या बाजूला एका एजंटने पेन्सिलीने लिहून दिले होते : गोवा पासिंग, मुलाचे नाव, मडगावचा पत्ता. धाकटा मुलगा मडगावला नोकरीस आहे व भाड्याच्या खोलीत राहतो. गाडी मात्र बारा महिने खानापूरला राहणार, काकूंसाठी धावणार. मग गोवा पासिंग कशाला? "सगळे तसेच करतात," असे काकांचे उत्तर.

वाचकहो, आपल्या सीमाभागात ही गोष्ट नवी नाही. कर्नाटकात गाडीचा आजीव कर जबर आहे. गेली कित्येक वर्षे दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १७ टक्के आणि वर उपकर, असा हिशेब चालत आला. गोव्यात त्याहून कमी. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी कुणी मडगावच्या मेहुण्याच्या नावावर, कुणी चंदगडच्या मामाच्या पत्त्यावर गाड्या घेत आली. त्यातून कित्येकांना पुढे मनस्ताप झाला, तरी चाल काही मोडली नाही. परंतु विजेच्या गाडीला हे जुने शहाणपण लावणे म्हणजे उलटा हिशेब होय. कर्नाटकाने २०१७ साली विजेच्या गाड्यांचे धोरण जाहीर केले, तेही इतर राज्यांच्या आधी, आणि ह्या गाड्यांना आजीव करातून मोकळे ठेवले. २०२४ साली कायदा बदलून २५ लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना १० टक्के कर लावला गेला. काकांची गाडी दहा लाखांच्या आतली. कोटेशनात कराच्या रकान्यात शून्य लिहिले होते. जो कर भरायचाच नाही, तो चुकवण्यासाठी काका गोव्याला निघाले होते!

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. करमाफी ही कायमची देणगी नव्हे. प्रत्येक सरकार ती मुदतीने देते आणि तिजोरी आवळली की काढून घेते. तेलंगण सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये हुकूम काढून विजेच्या गाड्यांना रस्ता कर व नोंदणी शुल्क माफ केले, ते ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. गुजरातने ६ टक्क्यांतील ५ टक्के सोडून दिले, त्याची मुदत ३१ मार्च २०२६. महाराष्ट्रात २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात तो मागेही घेतला गेला. म्हणून शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काय भरले, ते विचारू नये. ज्या आठवड्यात पैसे भरायचे, त्या आठवड्यात आरटीओ कचेरीत जाऊन आपल्या किमतीच्या गाडीचा दर विचारावा. शोरूमच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये. आगाऊ रक्कम देऊन ठेवली आणि मधल्या काळात दर बदलला, तर नोंदणीच्या वेळचा दर लागतो, बुकिंगच्या वेळचा नाही.

केंद्र सरकारकडून मिळणारे मात्र सर्व राज्यांत सारखे आहे. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, तो १ ऑगस्ट २०१९ पासून. त्यापूर्वी १२ होता. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दोहोंमधली तफावत पूर्वीइतकी राहिली नाही, हेही लक्षात घ्यावे. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना आर. सी. बुक काढण्याची व नूतनीकरणाची फी माफ झाली. कोटेशनात 'रजिस्ट्रेशन चार्जेस' म्हणून मोठी रक्कम दिसली, तर ती कशाची आहे, हे तिथेच खडसावून विचारावे. बहुधा ती हाताळणीच्या नावाखाली असते. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात दीड लाखापर्यंत सूट मिळते, असे अजून पुष्कळ जण सांगतात. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आणि सरकार गाडीमागे रोख अनुदान देते, हा समज खासगी मोटारीच्या बाबतीत चुकीचा आहे. केंद्राची ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली योजना दुचाकी, तीनचाकी, बसगाड्या यांसारख्या वाहनांसाठी आहे.

आता पासिंगच्या पत्त्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याचे कलम ४० सांगते की, मालकाचे राहते घर वा धंद्याची जागा जिथे आहे आणि गाडी नेहमी जिथे ठेवली जाते, त्या हद्दीत नोंदणी करावी. २०१९ च्या दुरुस्तीने इतकी सवलत दिली की, त्या राज्यातले कोणतेही आरटीओ चालते. राज्य मात्र तेच हवे. परराज्यात नोंदलेली गाडी भारतभर चालवता येते, त्यात गुन्हा नाही. पण बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पहिल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, कर्ज असल्यास बँकेचा दाखला, आणि तिथे भरलेल्या करापैकी उरलेला भाग परत मागण्याचा अर्ज. हे परताव्याचे काम किती रेंगाळते, ते ज्यांनी केले त्यांना विचारा.

मुलाच्या नावावर घेण्यात दुसरी एक खोच आहे. विजेच्या गाडीत अर्धा जीव बॅटरीत असतो, आणि बॅटरीची हमी साधारणपणे ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. काही कंपन्या त्याहून लांब हमी देतात, पण ती पहिल्या मालकालाच. आज धाकट्याच्या नावावर घेतली आणि दोन वर्षांनी बापाच्या नावावर केली, की काका दुसरे मालक ठरले! म्हणून गाडी वापरणार कोण, ठेवणार कुठे, हे एकदा ठरवावे आणि त्याच नावाने, त्याच पत्त्यावर कागद करावा. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर गाडी घ्यायला घरचे कचरतात, कारण पुढे वारसाहक्काची धावपळ होते. त्यावर २०२१ पासून उपाय आहे : नोंदणीच्या वेळीच वारसदाराचे नाव आर. सी.मध्ये नामनिर्देशित करता येते. काकांनी काकूंचे नाव घातले. थोरल्याला ते फारसे आवडले नाही, पण तो भाग वेगळा.

नोंदणीची धावपळ आता पूर्वीसारखी राहिली नाही. पूर्ण बांधणीची नवी गाडी आरटीओत तपासणीसाठी न्यावी लागत नाही. शोरूमच अर्ज करते. नमुना २० चा अर्ज, शोरूमचे विक्रीपत्र म्हणजे नमुना २१, कंपनीने दिलेला रस्तायोग्यतेचा दाखला म्हणजे नमुना २२, विम्याचा कागद, पत्त्याचा व ओळखीचा पुरावा, आणि कर्ज असल्यास बँकेची नोंद. ह्यांतले प्रत्येक कागद सही करण्यापूर्वी स्वतः वाचावे. चासी नंबर गाडीवर पाहून ताडून घ्यावा. विजेच्या गाडीला मोटरचाही नंबर असतो, तोही पाहावा. इंजिन नाही म्हणून रकाना कोरा सोडला तर चालत नाही.

पाटी हिरवी असते. खासगी गाडीला हिरव्यावर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीला हिरव्यावर पिवळी. २०१८ पासून तसा नियम आहे. पुष्कळांना वाटते, हिरवी पाटी पाहिली की टोलनाक्यावर सोडतात. गणेबैलच्या नाक्यावर कुणी सोडत नाही, फास्टॅग लावावाच लागतो. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग ह्या तिन्हींवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली, ती ऐकून हा गैरसमज पसरला असावा. धुराची तपासणी, म्हणजे पीयूसी, विजेच्या गाडीला लागत नाही, कारण धूरच नाही. चालवण्याचा परवाना नेहमीचाच हलक्या मोटारीचा चालतो. नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. विजेच्या गाडीला त्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट २०२२ साली लागू झाली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घेताना मात्र एकच प्रश्न लेखी विचारावा : बॅटरीत पाणी शिरले तर भरपाई मिळेल काय? आपल्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे.

धर्मग्रामातील कित्येकांची मुले पुणे, हैदराबाद, बडोदे इथे नोकरीला असतात आणि बदल्या होत राहतात. त्यांच्यासाठी २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा नंबर आहे. संरक्षण दल, सरकारी नोकरी, सरकारी उपक्रम, किंवा चार वा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेली खासगी कंपनी, इतक्यांनाच तो मिळतो. राज्य बदलले तरी नंबर बदलावा लागत नाही. सोय चांगली आहे, पण विजेची गाडी घेणाऱ्याने थांबून हिशेब करावा. त्या मालिकेत कर दर दोन वर्षांनी भरायचा असतो, आणि विजेच्या गाडीला दोन टक्के कमी असला तरी तो शून्य नसतो. ज्या राज्यात पूर्ण माफी आहे, तिथल्या माणसाने हा नंबर घेतला, तर माफ असलेला कर आपण होऊन भरल्यासारखे होते. बदली खरोखर होणार असेल तरच घ्यावा.

कागदाचे इतके पुरे. काकांचा खरा घोटाळा पुढे होता, आणि तो विजेच्या मीटरचा. एजंटने पत्ता सांगितला, पण गाडीला रात्री वीज कुठून देणार, हे कुणीच विचारले नव्हते. काकांनी स्वतःच उपाय काढला होता : घरामागे विहिरीवर पंप आहे, त्याची वीज फुकट, तिथून वायर ओढायची. हे मात्र कदापि करू नये. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत आहे, ती पाणी उपसण्यासाठी. त्याच जोडणीवर मोटार चार्ज करणे म्हणजे अनधिकृत वापर. वीज कायदा २००३ चे कलम १२६ लागू होते, दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून चालला हे कळले नाही, तर मागचे बारा महिने धरतात. शिवाय शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तासच येते आणि तिच्या दाबाचा भरवसा नाही. ज्या गाडीने काकूंना सकाळी सातला डायलिसिसला न्यायचे, ती अशा विजेवर ठेवता येणार नाही.

घरच्या मीटरवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे; केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट म्हटले आहे. पण घरच्या मीटरला 'गृहज्योती' आहे. ऑगस्ट २०२३ पासून ही योजना चालू झाली. २०२२-२३ मधील घरचा सरासरी वापर, त्यावर १० टक्के, इतकी वीज फुकट. त्याहून जास्त पण २०० युनिटांच्या आत वापर झाला, तर फक्त जादा युनिटांचे पैसे. दोनशेच्या वर गेला, की त्या महिन्याचे सगळे बिल भरायचे.

आता काकांचा हिशेब मांडू. डायलिसिसच्या खेपा, बाजार, चर्च, मिळून महिन्याला हजार किलोमीटर. लहान गाडीला शंभर किलोमीटरला, चार्ज होताना वाया जाणारी वीज धरून, साधारण १४ युनिटे लागतात. म्हणजे महिन्याला १४० युनिटे. घरचा वापर ९० युनिटे, जो आज फुकट आहे. बेरीज २३०. दोनशेची रेघ ओलांडली! युनिटाला सात रुपये धरले, तर सारे बिल १,६०० रुपयांच्या आसपास, जिथे काल शून्य होते. तेच हजार किलोमीटर लिटरला सोळा धावणाऱ्या पेट्रोल गाडीने केले, तर बासष्ट लिटर लागते, आणि लिटरला शंभर धरले तरी ६,२०० होतात. तेव्हा फायदा आहेच, आणि चांगला आहे. पण 'वीज फुकट, गाडी फुकट' म्हणून जो हिशेब काकांनी मनात केला होता, तो तसा नाही. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळ्या दराची वेगळी जोडणीही मागता येते. तिचा स्थिर आकार धरून ती परवडते का, हे हेस्कॉमच्या कचेरीत विचारून ठरवावे. घरची फुकट युनिटे मग घरालाच राहतात.

मीटर पाहायला गेलो, तर बिलावर काकांच्या वडिलांचे नाव. वडील जाऊन वीस वर्षे झाली. मंजूर भार दोन किलोवॅट. गाडीसोबत मिळणारा चार्जर एकटाच तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो; त्यात काकूंचा फ्रिज, मिक्सर, पंखे. भार वाढवून मागायचा, तर आधी मीटर नावावर करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी वडिलांचा मृत्युदाखला, घरपट्टीची पावती, भावांची संमती. एक भाऊ मुंबईत, त्याच्याशी बोलणे नाही. गाडी पंधरा दिवसांत मिळते. मीटर नावावर व्हायला काकांना त्याहून कितीतरी अधिक दिवस लागले. म्हणून ज्यांचा गाडी घेण्याचा विचार आहे, त्यांनी शोरूमची पायरी चढण्याआधी विजेचे बिल हातात घेऊन त्यावरचे नाव वाचावे.

आणि अर्थिंग. ह्या पानावर शॉक लागून दगावलेल्यांविषयी लिहावे लागते, तेव्हा दर वेळी कारण तेच निघते. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोके असतात, पण तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते. असली तरी ती ओटीबाहेर जांभ्यात पुरलेल्या गंजक्या सळीला जाते. गाडीचा चार्जर हे ओळखतो. अर्थिंग ठीक नसेल, तर लाल दिवा लावून तो काम थांबवतो, आणि सकाळी उठून पाहावे तर बॅटरी कालच्याइतकीच. एप्रिल-मे महिन्यांत जांभ्याची जमीन कोरडी पडली की, पावसाळ्यात बरे चाललेले अर्थिंगही असे दगा देते. तेव्हा लोक काय करतात? अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून दिवा हिरवा करून घेतात. हा जिवाशी खेळ आहे. न्यूट्रल कुठे तुटला, तर गाडीच्या सबंध पत्र्यात वीज उतरते, आणि पहाटे ओल्या अंगणात दार उघडणाऱ्याला ती बसते.

करायचे ते असे. परवानाधारक वायरमनकडून नवा अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा, त्यात मीठ-कोळसा वा तयार मिश्रण भरावे, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जावे. मीटरपासून चार्जरपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र तार ओढावी, सोळा अँपिअरचे चांगले सॉकेट बसवावे आणि त्या तारेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावावा. वीज जमिनीकडे किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली की, तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. आठ-नऊ तास सतत वीज ओढल्याने तो वितळतो. सॉकेट पावसाच्या झडीत येणार नाही आणि मुलांच्या हाताला लागणार नाही, इतक्या उंचीवर असावे. एवढ्या कामाला काही हजार रुपये लागतात. गाडीच्या रंगासाठी जादा पैसे देणारी माणसे इथे हात आखडतात, ह्याचे नवल वाटते.

पावसाळ्यात खानापूरकडे वीज दोन-दोन दिवस जाते. डायलिसिसवरील माणूस ज्या घरात आहे, तिथे बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये, हा नियमच करावा. चोवीस युनिटांच्या बॅटरीला कंपनी कागदावर तीनशेच्या आसपास किलोमीटर सांगते; चालवताना एकशेऐंशी-दोनशे मिळाले तर समाधान मानावे. निम्म्या बॅटरीत काकूंची एक खेप बेळगावला जाऊन परत येते आणि थोडे उरते. मडगावच्या मुलाकडे जायचे, तर उतरताना खर्च कमी आणि परतताना घाट चढून येताना पुष्कळ अधिक; तेव्हा तिथे रात्रभर चार्ज करूनच निघावे.

काकांनी अखेर गोव्याचा बेत सोडला. मुंबईच्या भावाने संमतीपत्र पाठवले. त्यासाठी काकूंनी फोन केला होता, काकांनी नव्हे. मीटर काकांच्या नावावर झाले, भार पाच किलोवॅट झाला, आणि त्यानंतरच गाडीचे पैसे भरले. पाटी हिरवी, नंबर केए-२२ चा. पहिल्या महिन्याचे विजेचे बिल आले, तेव्हा ते घेऊन काका पुन्हा आवारात आले होते. युनिटे २२६ पडली होती.